गॅरेजच्या फ्लोअरला इपॉक्सी करताय? डबा उघडण्याआधी कोबा तपासा



गॅरेजच्या फ्लोअरवरचा व्हिडिओ आपण थोडक्यात केला होता. त्यात सगळे आकडे आणि तपासण्या बसल्या नाहीत, म्हणून हा सविस्तर लेख. इथे गॅरेज म्हणजे आपलं दुरुस्तीचं गॅरेज : टू-व्हीलर, फोर-व्हीलर, ट्रॅक्टर. बंगल्याच्या पार्किंगलाही यातलं बरंच लागू पडतं, पण आपला विषय धंद्याच्या जागेचा आहे.

आजकाल काय होतं, नागापूर किंवा सुप्याच्या एमआयडीसीत एखाद्या कंपनीत काम निघतं, तिथला आरशासारखा फ्लोअर दिसतो आणि मनात येतं, "आपल्याकडेही असंच करू." विचार चांगला आहे. स्वच्छ फ्लोअर पाहून गिऱ्हाइकाचा विश्वास वाढतो, खाली पडलेला नट-बोल्ट पटकन सापडतो, सांडलेलं ऑइल एका फडक्यात निघतं. पण कंपनीचा फ्लोअर आणि आपला फ्लोअर यात एक मोठा फरक आहे. त्यांचा स्लॅब बहुतेक वेळा कोटिंग करायचं हे ठरवूनच टाकलेला असतो. आपला कोबा दहा-पंधरा वर्षं ऑइल प्यायलेला असतो.

या लेखातून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ही घ्या : कोटिंग बहुतेक वेळा वरून खराब होत नाही, ते खालून सुटतं. पोपडे निघाले की आपण रंगाच्या कंपनीला दोष देतो. खरं कारण असतं कोब्यात मुरलेलं ऑइल, जमिनीतून वर येणारी ओल, नाहीतर वरची कच्ची सिमेंटची साय. तेव्हा पैसे कोणत्या ब्रँडवर घालायचे हा प्रश्न नंतरचा. आधी तुमचा कोबा कोटिंग धरणार आहे का, ते बघा.

इपॉक्सी म्हणजे नेमकं काय?

साधा ऑइल पेंट आणि इपॉक्सी यांत फरक आहे. इपॉक्सीचे दोन डबे असतात, एक रेझिनचा आणि एक हार्डनरचा. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात मिसळले की त्यांच्यात रासायनिक क्रिया होते आणि कडक थर तयार होतो. म्हणजे ते नुसतं वाळत नाही, सेट होतं. म्हणूनच ते पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल आणि ग्रीसला चांगलं टिकतं. साधा पेंट या सगळ्यापुढे मऊ पडतो.

याचा दुसरा अर्थ असा की प्रमाण चुकलं तर काम गेलं. "थोडं हार्डनर जास्त टाक, लवकर सुकेल" हे इथे चालत नाही. जास्त टाकलं तरी थर कच्चा राहतो, कमी टाकलं तर चिकट राहतो. डब्यावर जे प्रमाण लिहिलंय तेच, आणि ते वजनाने आहे की मापाने, तेही वाचून घ्यायचं.

पहिला प्रश्न : खाली काय आहे?

आपल्या जिल्ह्यातल्या गॅरेजमध्ये साधारण चार प्रकारचे फ्लोअर दिसतात.

१. शहाबादी फरशी. जुन्या गॅरेजमध्ये हीच असते. यावर कोटिंग करू नका. दगडाचे पापुद्रे सुटतात, सांध्यांत वर्षानुवर्षांचं ऑइल बसलेलं असतं आणि जॅकच्या वजनाने फरशी हलते. हलणाऱ्या फरशीवर कोणताही थर तडकणारच.

२. घोटीव कोबा. वरून सिमेंट शिंपडून गुळगुळीत घोटलेला. दिसायला छान, पण वरची साय कमकुवत असते. ती घासून काढली तरच कोटिंग धरतं.

३. ट्रिमिक्स. काँक्रीटमधलं जादाचं पाणी व्हॅक्यूमने खेचून पक्का केलेला फ्लोअर. कोटिंगसाठी चांगला पाया, पण यालाही घासणं लागतंच.

४. नुसता पीसीसी, खडबडीत आणि भेगाळलेला. आधी दुरुस्ती, मग बाकीचं.

नवीन काँक्रीट टाकलं असेल तर किमान २८ दिवस थांबा. मिस्त्री म्हणेल, "साहेब, आठ दिवसांत दगड झालाय." दगड झाला असेल, पण आतलं पाणी अजून बाहेर पडत असतं.

तीन तपासण्या, खर्च जवळपास शून्य

१. पाण्याचा थेंब. फ्लोअर झाडून दहा-बारा ठिकाणी थोडं पाणी टाका. विशेषतः जिथे रोज ऑइल बदलता तिथे. पाणी एक-दोन मिनिटांत शोषलं गेलं तर छिद्रं मोकळी आहेत. थेंब मोत्यासारखा उभाच राहिला तर तिथे ऑइल आहे, किंवा वरचा थर फारच घट्ट घोटलेला आहे. त्या जागेवर खडूने गोल करा.

२. प्लास्टिकची तपासणी. दीड फूट बाय दीड फूट जाड, पारदर्शक प्लास्टिक घ्या. चारही कडा चांगल्या टेपने हवाबंद चिकटवा. कमीत कमी १६ तास, म्हणजे आज संध्याकाळी लावून उद्या दुपारपर्यंत ठेवा. काढल्यावर प्लास्टिकच्या खालच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, किंवा कोबा काळपट पडला, तर खालून ओल येतेय. एकाच जागी नको, तीन-चार ठिकाणी करा.

आपल्या जिल्ह्यात ही तपासणी का महत्त्वाची, ते सांगतो. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा हा कालव्याच्या पाण्याचा पट्टा. काळी जमीन, बाजूला ऊस, पाट वाहत असतो. अशा ठिकाणी स्लॅबखाली प्लास्टिक शीट टाकलेली नसेल तर ओल वर येते. उघड्या कोब्यातून ती हवेत निघून जाते, आपल्याला कळतही नाही. पण वर इपॉक्सीचा बंद थर आला की ती वाफ अडकते आणि कोटिंगला फोड येतात. पारनेर, कर्जत, जामखेडकडे मुरमाड जमिनीवर हा त्रास कमी असू शकतो. तरी तपासणी चुकवायची नाही, कारण शेजारची पाण्याची टाकी किंवा तुमचाच वॉशिंग रॅम्पही ओल पुरवतो.

काळ्या जमिनीचा अजून एक गुण म्हणजे ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे भेगा हलत्या राहतात. एखाद्या भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करून अंतर मोजून ठेवा, दोन-तीन महिन्यांनी परत मोजा. अंतर बदललं तर ती भेग कडक इपॉक्सीने भरून उपयोग नाही, तिथे लवचिक सीलंट लागतं.

३. नमुन्याचा तुकडा. ही तपासणी सर्वांत मोलाची आहे आणि सर्वांत कमी लोक करतात. कंत्राटदाराला सांगा, "सगळ्यात घाण कोपऱ्यात दोन फूट बाय दोन फूट पूर्ण पद्धतीने करून दाखव." म्हणजे सफाई, घासणं, प्रायमर, कोटिंग, सगळं. सात दिवसांनी धारदार पट्टीने खरवडून बघा. थर सालीसारखा निघाला तर तुमचे पूर्ण कामाचे पैसे वाचले. निघता निघता काँक्रीटचे कण सोबत आले तर समजा, पकड चांगली आहे.

ऑइल काढायचं कसं?

क्रम लक्षात ठेवा : आधी ऑइल, मग ग्राइंडिंग. उलटं केलं तर ग्राइंडर ऑइल सगळीकडे पसरवतो.

वरचं ग्रीस पत्र्याच्या पट्टीने खरवडा. ओलं ऑइल लाकडाच्या भुशाने टिपून घ्या. मग डिग्रीझर किंवा कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी टाकून कडक ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. कॉस्टिकने कातडी भाजते, तेव्हा रबरी हातमोजे, चष्मा आणि गमबूट घालूनच. वाळल्यावर परत पाण्याचा थेंब टाका. थेंब उभा राहतोय? परत धुवा. तीन-चार वेळा धुऊनही फरक पडत नसेल तर ऑइल खोल गेलंय. तेवढा भाग फोडून नवीन काँक्रीट भरणं, किंवा तेलकट पृष्ठभागासाठीचा खास प्रायमर वापरणं, हेच उरतं.

बरेच जण म्हणतात, "एकदा अॅसिड मारू, सगळं साफ होईल." अॅसिड सिमेंटवर काम करतं, ऑइलवर नाही. ऑइल असलेल्या जागी ते खाली पोचतच नाही. शिवाय त्याच्या वाफेने पाने आणि अवजारं गंजतात, आणि नीट धुतलं नाही तर त्याचे क्षार कोटिंगच्या खाली राहतात. त्यापेक्षा डायमंड कप व्हीलने ग्राइंडिंग करा. मशीनला व्हॅक्यूम जोडलेला हवा. काँक्रीटची धूळ फुप्फुसात साठते आणि त्यातून सिलिकोसिस होतो. काम करणाऱ्याला रुमाल नाही, चांगला मास्क द्या. ग्राइंडिंगनंतर हाताला बारीक पॉलिश पेपरसारखा खरखरीतपणा लागला पाहिजे.

डबे मोजा : साधं गणित

इथे आपला धंद्याचा मेंदू लावायचा. कंत्राटदार म्हणतो, "दोन कोट मारतो." पण किती जाडीचे? एक सूत्र पाठ करा : एक चौरस मीटरवर एक लिटर पसरलं की एक मिलिमीटर जाडी होते. एक मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन.

समजा तुमचं गॅरेज २० बाय ३० फूट, म्हणजे ६०० चौरस फूट. चौरस मीटर काढायला १०.७६ ने भागा. साधारण ५६ चौरस मीटर. आता :

- ३०० मायक्रॉन जाडी हवी असेल तर ५६ × ०.३ = साधारण १७ लिटर.
- २ मिलिमीटरचा सेल्फ-लेव्हलिंग थर हवा असेल तर ५६ × २ = ११२ लिटर.

प्रायमर आणि खड्डे भरायचं मटेरियल यात धरलेलं नाही, ते वेगळं. हा हिशोब थिनर नसलेल्या मटेरियलचा आहे. डब्यावर घनभाग ५० टक्के लिहिलं असेल तर दुप्पट लिटर लागतील, कारण अर्धा भाग उडून जाणार. माल किलोत मिळत असेल तर डब्यावरच्या घनतेने भागून लिटर काढा.

आता सांगा, २ मिलिमीटरचं कोटेशन देऊन कोणी २० लिटर माल घेऊन आला, तर तुम्हाला फसवणूक ओळखता येईल की नाही? म्हणूनच कोटेशनमध्ये "दोन कोट" हा शब्द मान्य करू नका. जाडी मायक्रॉनमध्ये लिहून घ्या आणि रिकामे डबे काम संपेपर्यंत जागेवरच ठेवायला सांगा.

कधी करायचं : हवामान आणि धंदा

पावसाळ्यात नको. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला असला तरी सप्टेंबरचा परतीचा पाऊस चांगला झोडपतो. हवेत दमटपणा जास्त असला की इपॉक्सीवर पांढरट, चिकट थर येतो आणि पुढचा कोट धरत नाही. नियम असा की फ्लोअरचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं. सोप्या भाषेत, फ्लोअरला घाम सुटलेला नको.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे आपल्याकडे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. बहुतेक इपॉक्सी इतक्या थंडीत नीट सेट होत नाहीत. मे महिन्यात उलटं होतं : मिसळलेला माल बादलीतच तापतो आणि अर्ध्या तासाच्या आत घट्ट व्हायला लागतो. म्हणून उन्हाळ्यात थोडा थोडा माल मिसळा आणि मिसळल्याबरोबर बादलीतून फ्लोअरवर ओता.

अजून एक बारकावा. सकाळी काँक्रीट तापायला लागलं की त्यातली हवा बाहेर येते आणि ओल्या कोटमध्ये बुडबुडे उठतात. त्यामुळे प्रायमर दुपारनंतर, तापमान उतरतीला लागल्यावर मारा.

हवामानाचा विचार केला तर फेब्रुवारी-मार्च उत्तम. पण लोणी, सोनई, भेंड्याच्या कारखाना परिसरात तुमचं ट्रॅक्टरचं गॅरेज असेल, तर तेव्हा गळीत हंगाम चालू असतो. ट्रॉल्या रांगेत उभ्या असताना शटर बंद ठेवणं परवडणार नाही. अशांनी हंगाम संपल्यावर एप्रिलमध्ये, उन्हाची काळजी घेऊन काम करावं. टू-व्हीलरवाल्यांनी दसरा-दिवाळीच्या गर्दीआधी घाई करू नये, दिवाळी उरकून नोव्हेंबरच्या उत्तरार्धात घ्यावं.

कामाचे दिवस आणि गॅरेज बंद

सफाई आणि वाळवणं तीन-चार दिवस, ग्राइंडिंग आणि दुरुस्ती एक दिवस, प्रायमर एक दिवस, कोट एक-दोन दिवस. चालायला साधारण २४ तास, पण गाडी उभी करायला सात दिवस थांबा. दोन कोटांमधलं अंतर डब्यावर लिहिलेलं असतं. ते उलटून गेलं तर आधीचा कोट हलका घासल्याशिवाय पुढचा मारू नका.

लोक घाई करतात ती शेवटच्या टप्प्यात. तिसऱ्या दिवशीच गाडी आत घेतात. रस्त्यावरून आलेलं गरम टायर अर्धवट सेट झालेल्या थराला चिकटतं आणि गाडी काढताना थर उचलून नेतं.

पूर्ण बंद ठेवणं शक्य नसेल तर अर्धं-अर्धं करा. जोड मात्र काँक्रीटच्या मूळ सांध्यावरच घ्या आणि मध्ये जाड प्लास्टिकचा पडदा लावा, नाहीतर धूळ ओल्या कोटवर बसेल.

खरा खर्च काढा

आकडे उदाहरणादाखल घेतोय, तुम्ही तुमचे टाका. समजा कामाचे ५०,००० रुपये. गॅरेज ९ दिवस बंद, रोजची निव्वळ कमाई २,००० धरली तर १८,००० बुडाले. एकूण ६८,०००. फ्लोअर पाच वर्षं टिकला तर महिन्याला साधारण १,१३० रुपये पडले. दीड वर्षात सुटला तर महिन्याला जवळपास ३,८०० पडले, वर जुना थर काढायचा खर्च वेगळा. आता कंत्राटदार म्हणाला, "तयारीचे आठ हजार वाचवू, थेट कोट मारू," तर तो तुमचे आठ हजार वाचवतोय की साठ हजार घालवतोय, याचा विचार करा.

पैसे टप्प्याने द्या. मटेरियल आल्यावर एक भाग. ग्राइंडिंग झाल्यावर तुम्ही स्वतः पाण्याचा थेंब टाकून बघितला की दुसरा. कोट पूर्ण झाल्यावर तिसरा. शेवटचा भाग गाड्या आत घेऊन महिना झाल्यावर. वॉरंटी देत असेल तर विचारा, "खालून ओल आली तर वॉरंटी लागू आहे का?" उत्तर लेखी घ्या.

करताना सांभाळायच्या गोष्टी

- हार्डनरने कातडीला ॲलर्जी होते आणि एकदा झाली की परत परत उठते. नायट्राइलचे हातमोजे घाला. हात थिनरने धुऊ नका, साबणाने धुवा.
- थिनरच्या वाफा पेट घेतात. त्या दिवशी वेल्डिंग, गॅस, बिडी-सिगारेट बंद.
- गुळगुळीत इपॉक्सीवर ऑइल सांडलं की माणूस घसरतो. कोटमध्ये बारीक सिलिका सॅंड टाकून अँटी-स्किड करून घ्या.
- शटरसमोर ऊन येतं तिथे इपॉक्सी पिवळं पडतं. तिथे वरून उन्हाला टिकणारा पीयू कोट मारा.
- ब्रेक फ्लुइड आणि बॅटरीचं अॅसिड लगेच पुसा. इपॉक्सी दणकट असलं तरी ही दोन्ही साठून राहिली तर डाग पडतात, थर खराब होतो.
- वॉशिंग रॅम्पची जागा यातून वगळा.

इपॉक्सी नकोच, असं कधी ठरवायचं?

प्लास्टिकखाली सगळीकडे पाणी जमलं, फरशी शहाबादी आहे, किंवा जागा भाड्याची आहे आणि करार ११ महिन्यांचा आहे, तर थांबा. कोबा किंवा ट्रिमिक्स पक्का असेल तर सिलिकेटचं लिक्विड हार्डनर मारून घासून घ्या. ते काँक्रीटमध्ये मुरतं, वर थर बनत नाही, त्यामुळे सुटायचा प्रश्नच नाही. धूळ उठणं थांबतं आणि झाडणं सोपं जातं. ऑइलचे डाग पूर्ण थांबणार नाहीत, रंगीत चमकही मिळणार नाही. पण ओलसर जागेवर चमक विकत घेऊन वर्षभरात पोपडे गोळा करण्यापेक्षा हे शहाणपणाचं.

रंगकाम करणाऱ्या आपल्या पेंटर मित्रांनाही एक शब्द. तपासणी न करता फोनवर चौरस फुटाचा रेट सांगू नका. तयारीचा रेट वेगळा आणि कोटिंगचा वेगळा लिहा. ज्या जागेवर कोटिंग टिकणार नाही, तिथे "नको" म्हणा. आपल्याकडे गॅरेजवाले एकमेकांना ओळखतात. एक सुटलेला फ्लोअर तुमची दहा कामं घालवतो, आणि एक खरा "नको" दहा कामं आणतो.

आजचं काम

आज संध्याकाळी शटर ओढण्याआधी जुनं, जाड, पारदर्शक प्लास्टिक शोधा. दीड-दीड फुटांचे तीन तुकडे कापा : एक शटरजवळ, एक मधोमध, एक मागच्या भिंतीपाशी. टेपने चारही बाजूंनी पक्के चिकटवा. उद्या दुपारी काढून मोबाइलमध्ये फोटो घ्या. कोटेशन मागताना तो फोटो कंत्राटदारासमोर ठेवा आणि गप्प बसा. तो ओलीबद्दल आधी बोलतो की रंगाच्या शेडबद्दल, ते ऐका. कोणाला काम द्यायचं, ते तिथेच कळेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. काळजी घ्या, धंदा वाढवा.